पोळपाटावरची स्वायत्तता

स्त्रीची स्वायत्तता ही पश्चिमेकडून आयात झालेली वस्तू आहे, हा समज आपल्याकडे दोन गटांनी जोपासला. एक, घराला तुरुंग ठरविणारे तथाकथित पुरोगामी. दुसरा, त्यांना भिऊन हा शब्दच त्याज्य मानणारे संस्कृतिरक्षक. दोघांनीही गिरगावचा इतिहास चाळावा.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल अवघे ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. देणगी स्वीकारायची नाही, हा निर्धार तेव्हापासूनचा. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. १९६६ मध्ये खादी आयोगाची मान्यता मिळाली आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या यशाचे मर्म पापडाच्या चवीत नाही, रचनेत आहे. शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे आणि पापड शाखेत आणून द्यायचे. जी लाटते तीच मालक. नफ्याची वाटेकरी तीच आणि तोट्याचीही तीच. पुरुष पगारी नोकर असू शकतो, सभासद नाही. घर मोडले नाही, चूल विझली नाही; निर्णय मात्र तिच्या हाती आला.

याउलट परळ-लालबागच्या गिरण्यांचे उदाहरण पाहा. वाइंडिंग-रिळिंग खात्यांत एके काळी स्त्रियांची मोठी संख्या होती. यंत्रे बदलली, तशा त्या हळूहळू घरी पाठविल्या गेल्या. मजुरी त्यांना मिळत होती. पण ठरविणाऱ्यांत, मालकांत वा पुढाऱ्यांत, त्यांना स्थान कुठे होते?

आता दृष्टी आपल्या घराकडे वळवावी. दादरहून लोकलमध्ये उभ्याने जाऊन नोकरी करणारी सून कौतुकाचा विषय असते. पण तिचे पासबुक कोणाच्या कपाटात असते? बढतीसोबत बदली आली, तर नकार कोण ठरवितो? नवरात्रात शक्तीची आराधना करावयाची आणि घरच्या शक्तीला सही करण्यापुरते विचारावयाचे, ही कुठली संस्कृती?

कुटुंब टिकावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. आरंभ स्वतःच्या कपाटापासून करावा: पासबुक जिचे आहे, तिच्या हाती द्यावे.