नसणे, रिकामे असणे आणि शून्य असणे

'नाही' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गुणपत्रकातला एक रकाना पाहा. विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाही; बसला, पण गुण भरायचे राहिले; गुण भरले आणि ते शून्य आहेत. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. न्याय-वैशेषिक परंपरेने अभावाचे प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव असे चार प्रकार मानले, ते उगाच नव्हे.

हाच प्रश्न संगणकाच्या भाषेतही उभा राहतो. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे आणलेली पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा. तीत एखाद्या चलाची चौकशी करण्याची दोन साधने आहेत. 'इजसेट' विचारते : हे चल अस्तित्वात आहे काय, आणि त्याचे मूल्य 'नल'हून वेगळे आहे काय? 'एम्प्टी' मात्र कधीच न निर्मिलेले चल, 'नल', कोरी अक्षरमाला, रिकामी यादी, असत्य आणि शून्य या सर्वांना एकाच पंक्तीला बसवते. अर्जातून अक्षररूपाने आलेला '०'सुद्धा तिच्या लेखी रिकामाच. उलट नुसती एक मोकळी जागा टंकलेली असेल, तर तो रकाना भरलेला!

हा निव्वळ तांत्रिक तपशील नाही. 'अवलंबून असलेल्या व्यक्ती किती?' या प्रश्नाला '०' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. पण तपासणी 'एम्प्टी'वर सोपवली, की 'हा रकाना भरा' असा संदेश येतो. उत्तर देणाऱ्यालाच निरुत्तर ठरवले जाते. शिवाय चलाचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तरी 'एम्प्टी' कसलाही इशारा न देता 'रिकामे' म्हणून मोकळी होते. आपली चूक अशा रीतीने दुसऱ्याच्या मौनावर ढकलली जाते.

म्हणून आमचे मत असे, की माणसाने दिलेले उत्तर तपासताना 'एम्प्टी'ची सोय टाळावी. उत्तर आले काय, हे आधी विचारावे. ते कोरे आहे काय, हे नंतर. २०१५च्या सातव्या आवृत्तीत आलेले दुहेरी प्रश्नचिन्हाचे चिन्हही चल नसेल किंवा 'नल' असेल तेव्हाच पर्यायी मूल्य घेते, शून्याला हात लावत नाही. भाषेत हा विवेक उपलब्ध आहे; तो वापरण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. कवितेतली गाळलेली ओळ, कोरी सोडलेली ओळ आणि कधी लिहिलीच न गेलेली ओळ यांत आपण भेद करतोच ना?