गाडीचा शेवट आणि प्रवासाचा शेवट

प्रवास कोठे संपतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. गाडी जेथे अखेरची थांबते तेथे तो संपतो, असे रेल्वेचे वेळापत्रक सांगते. परंतु हाच प्रश्न प्रवाशाला विचारला, तर तो इस्पितळाचा दरवाजा, परीक्षेचे केंद्र, मुलीचे घर किंवा कामाचा कारखाना दाखवील. या दोन उत्तरांमध्ये चार-दोन कोसांचे अंतर पडते. मोठ्या शहरांतील लांब पल्ल्याच्या गाड्या मध्यवर्ती स्थानकांऐवजी वेशीवरच्या स्थानकांत थांबू लागल्यापासून हे अंतर वाढत चालले आहे. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणां सर्वांना त्याची झळ पोहोचते; म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

प्रथम आपल्या भागाची स्थिती ध्यानात घेऊ. मुंबई-मद्रास लोहमार्ग १८७१ साली रायचूरपाशी जोडला गेला आणि त्या मार्गावरील कलबुर्गीला दोन्ही बाजूंची महानगरे खुली झाली. बिदर मात्र दीर्घ काळ एका बाजूला राहिले. बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरांचा मार्ग पुरा होऊन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा कोठे या दोन शेजाऱ्यांची लोखंडी सोयरीक जुळली. मार्च २०२४ मध्ये कलबुर्गीहून बंगळूरला जाणारी वंदे भारत गाडीही सुरू झाली. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटरांचे अंतर तोडून सकाळी निघालेला मनुष्य दुपारी राजधानीत पोहोचू लागला. या गोष्टींचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांना आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पण राजधानीत म्हणजे नेमके कोठे? मुंबईहून कलबुर्गीमार्गे जाणारी उद्यान एक्सप्रेस वर्षानुवर्षे बंगळूरच्या जुन्या मध्यवर्ती स्थानकात प्रवासी उतरवीत आली. त्या स्थानकासमोरच मॅजेस्टिकचा बसतळ आहे आणि मेट्रोचे दोन मार्ग तेथेच एकमेकांस मिळतात. कलबुर्गीची वंदे भारत गाडी जाते ती बय्यप्पनहळ्ळी येथील सर विश्वेश्वरय्या टर्मिनसला. हे टर्मिनस जून २०२२ मध्ये वापरात आले. बिदरहून निघणारी एक्सप्रेस यशवंतपुरास थांबते. हैदराबादच्या पूर्व टोकाला चर्लपल्ली येथे नवे टर्मिनस उभे राहिले असून त्याचे उद्घाटन ६ जानेवारी २०२५ रोजी झाले. मुंबईकरांना तर हा प्रकार १९९१ पासून ठाऊक आहे. कुर्ल्याच्या ज्या टर्मिनसला आज लोकमान्य टिळकांचे नाव आहे, ते त्याच साली सुरू झाले.

रेल्वेची यामागची बाजू आम्ही प्रामाणिकपणे मांडू इच्छितो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून न घेता केलेली तक्रार ही नुसती कुरकुर होय. पुढे जाणारी गाडी फलाटावर पाच-दहा मिनिटे थांबते आणि निघून जाते. जी गाडी तेथेच संपते तिचे तसे नसते. प्रवासी उतरावयाचे, सामान काढावयाचे, मग रिकामे डबे धुण्यासाठी व तपासण्यासाठी दुसरीकडे न्यावयाचे आणि परतीच्या वेळी पुन्हा आणून लावावयाचे. इतका वेळ फलाट अडून राहतो. बंगळूरच्या मध्यवर्ती स्थानकात फलाट अवघे दहा. चहूबाजूंनी शहर दाटलेले. अकरावा फलाट घालावयाचा तर जागा आणावी कोठून? वेशीवर जमीन मिळते, डबे उभे करण्यास रूळ घालता येतात आणि नव्या गाड्या सोडता येतात. मध्यवर्ती स्थानकाचाच हट्ट धरला असता, तर कलबुर्गीची ही नवी गाडी कदाचित सुटलीच नसती. शिवाय शहरेही आता एका चौकाभोवती राहिलेली नाहीत. व्हाइटफील्डकडे नोकरीस असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यास बय्यप्पनहळ्ळीच जवळ पडते. म्हणून ‘प्रत्येक गाडी शहराच्या मध्यभागी गेलीच पाहिजे’ ही मागणी आम्हांस मान्य नाही.

गाडीचा शेवट आपल्याच दारी असावा, ही इच्छा सर्वांनाच असते. २०१७ साली मुंबई-लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा बिदरकरांना आनंद झाला आणि लातूरकर आंदोलनास उतरले; आपल्या हक्काच्या जागा बिदरलाच भरून येतील, ही त्यांची भीती होती. पुढे काही दिवस लातूर आणि काही दिवस बिदर अशी वाटणी करावी लागली. दोन्ही गावांचे म्हणणे आपापल्या जागी खोटे नव्हते. यावरून एवढेच शिकावयाचे की, ‘आमच्या दारी’ या शब्दांवर न्याय ठरविता येत नाही. त्यासाठी सर्वांस लागू पडेल अशी कसोटी हवी.

ती कसोटी आपल्याच प्रवासातून सापडते. यशवंतपूर हे काही शहराचे मध्यवर्ती स्थानक नव्हे, तरी बिदरचा प्रवासी त्याबद्दल फारशी तक्रार करीत नाही. कारण २०१४ पासून तेथे मेट्रो आहे; लागलीच तिकीट काढून तो शहरात कोठेही जाऊ शकतो. हैदराबादच्या पश्चिमेस लिंगमपल्ली आहे. बिदरहून विकाराबादमार्गे जाणारे कितीतरी लोक शेवटच्या स्थानकाची वाटही न पाहता तेथे उतरतात, कारण २००३ पासून तेथून शहरात जाण्यास स्थानिक गाड्यांची सोय झाली आहे. ही दोन्ही स्थानके वेशीवरचीच. पण त्यांना पुढचा रस्ता जोडलेला आहे.

आता दुसरी बाजू पाहा. बय्यप्पनहळ्ळीचे टर्मिनस सात फलाटांचे, वातानुकूलित आणि एखाद्या विमानतळासारखे देखणे आहे. त्याच नावाचे मेट्रो स्थानक त्या भागात २०११ पासून चालू आहे. म्हणजे नावाने हे दोघे सख्खे भाऊ. पण त्यांच्यामध्ये दीड-दोन किलोमीटरांचा रस्ता आहे, आणि टर्मिनसच्या दारातून थेट मेट्रोत पाऊल टाकता येत नाही. बसगाड्या आहेत, परंतु दोन गाठोडी, एक आजारी मनुष्य आणि अनोळखी भाषा एवढे घेऊन बाहेर पडलेल्याला बसपेक्षा रिक्षावालाच आधी भेटतो. चर्लपल्लीलाही नऊ फलाट आहेत, पण हैदराबादची मेट्रो तेथवर गेलेली नाही. ज्या विश्वेश्वरय्यांचे नाव बंगळूरच्या टर्मिनसला दिले आहे, त्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणाला पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी नुसते अडवून भागत नाही, ते योग्य वेळी योग्य वाटेने पुढे गेले पाहिजे, हे त्या अभियंत्याला पुरते ठाऊक होते. वाट नसलेले टर्मिनस हे कालवा नसलेल्या धरणासारखे आहे. काठोकाठ भरलेले दिसते, पण शेत कोरडेच राहते.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातला किंवा आजचा आहे असेही नाही. लंडन शहरात रेल्वे कोठवर येऊ द्यावी याचा विचार करण्यासाठी १८४६ साली एक शाही आयोग नेमला गेला. थेम्सच्या उत्तरेकडील मध्यवर्ती भागात रेल्वेने शिरू नये, असा त्याचा अभिप्राय पडला. त्यामुळे पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस ही मोठमोठी स्थानके त्या भागाच्या कडेकडेनेच राहिली. प्रवासी उतरून घोडागाड्यांत बसू लागले आणि रस्ते तुंबले. अखेर १८६३ साली पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जमिनीखालून रेल्वे धावू लागली; जगातील पहिली भुयारी रेल्वे ती हीच. पुढे १८८४ साली त्या भुयारी मार्गाचे वर्तुळ पुरे झाले आणि बहुतेक स्थानके एकमेकांस जोडली गेली. स्थानके कडेला ठेवण्याचा निर्णय लंडनला पचला, तो या भुयारी मार्गामुळे पचला. मधल्या सतरा वर्षांची किंमत मात्र तेव्हाच्या प्रवाशांनी मोजली. जे दीडशे वर्षांपूर्वी एकदा शिकून झाले, ते आपण पुन्हा प्रवाशांच्या हालांतून का शिकावे?

आम्ही मूळचे कोकणीभाषक. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरचे एक उदाहरण सहज आठवते. कोरोनाच्या साथीपूर्वी रत्नागिरीची पॅसेंजर दादरपर्यंत जात असे. साथीनंतर ती दिव्यापर्यंतच आणण्यात आली. नकाशावर पाहिले तर दिव्यालाही लोकलगाडी मिळते, म्हणजे आमची कसोटी पुरी होते असे कोणी म्हणेल. पण मुंबईची लोकल ज्याने गर्दीच्या वेळी पाहिली आहे, तो सांगेल की तांदळाची पिशवी, फणस आणि कडेवर मूल घेऊन त्या डब्यात शिरणे ही कसरत आहे. तेव्हा पुढची वाट नकाशावर असून पुरत नाही. जो प्रवासी खरोखर उतरतो, त्याला त्याच्या ओझ्यासह आणि त्याच्या वयासह ती वाट चालता आली पाहिजे.

मग ही वाट वेळेवर का होत नाही? आमच्या मते याचे कारण दुष्टपणा नसून वाटणी आहे. कलबुर्गी स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडते, बिदर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात, आणि बंगळूर नैर्ऋत्य रेल्वेकडे. मेट्रोचे महामंडळ निराळे, शहरबसचे निराळे, बाहेरचा रस्ता महानगरपालिकेचा. गाडी वेळेवर फलाटास लागली की रेल्वेचे काम फत्ते झाले. बस आपल्या वेळेवर सुटली की बसचे काम फत्ते झाले. या दोन वेळांमध्ये जो मनुष्य ताटकळत उभा आहे, तो कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी आपल्याकडे म्हण आहे. साडेपाचशे किलोमीटरांचा हत्ती सुखरूप निघून जातो आणि आठ-दहा किलोमीटरांचे शेपूट दारात अडकते. त्या शेपटासाठी दिलेले रिक्षाभाडे साध्या डब्याच्या तिकिटाशेजारी मांडून पाहावे, म्हणजे हे अडकणे कोणाच्या खिशाला लागते ते कळेल. मोटार पाठविणारे नातलग ज्याचे शहरात आहेत, त्याला ते लागत नाही. किडवाई संस्थेत कर्करोगाच्या उपचारासाठी निघालेल्या औराद-आळंदच्या शेतकऱ्याला मात्र लागते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली, कोणतीही गाडी वेशीवरच्या टर्मिनसला हलविण्यापूर्वी तेथून शहरात जाणारी सोय चालू झालेली असावी, आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ती मिळावी. दुसरी, टर्मिनस आणि मेट्रो यांच्यामध्ये छपराची, चढउतार नसलेली पायवाट असावी. ओझे वाहणाऱ्यास आणि चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यास ती सारखीच उपयोगी पडेल. तिसरी, वाटेत जी जोडलेली स्थानके आहेत तेथे अशा गाड्यांना थांबा द्यावा, जसा कलबुर्गीच्या गाडीला यलहंका येथे दिला आहे. चौथी, रेल्वेच्या तिकिटातच शेवटच्या टप्प्याचे मेट्रोचे किंवा बसचे तिकीट घेता यावे. वाहने निराळ्या खात्यांची असली, तरी प्रवासी एकच आहे.

आता शेवटी आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी. तुमच्यापैकी अनेकजण दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी, प्रवेशपरीक्षेसाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी बंगळूर, हैदराबाद, मुंबई गाठतील. तिकीट हाती आले की त्यावरील शहराचे नाव वाचून थांबू नका. स्थानकाचे नाव वाचा, आणि परतीच्या तिकिटावरील नाव दुसऱ्यांदा वाचा. एकाच शहरात आता तीन-चार मोठी स्थानके असतात. चुकीच्या स्थानकात वेळेवर पोहोचलेल्याची गाडी हुकतेच. घरातील वडील माणसे एकटी निघणार असतील, तर शेवटच्या टप्प्याची वाट त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि जेथे वाट नाही असे आढळेल, तेथे चरफडत न बसता संबंधित विभागीय रेल्वे व्यवस्थापकांस एक अर्ज लिहा. त्यात तारीख, गाडी, उतरण्याची वेळ आणि पुढे जाण्यास लागलेला वेळ व पैसा एवढे नीट मांडा. वर्गात शिकलेल्या पत्रलेखनाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही. असे शंभर अर्ज एका टेबलावर साचले, म्हणजे जो प्रवासी आज कोणाच्याच वहीत नाही, त्याची नोंद कोणाला तरी घ्यावीच लागेल.