म्हातारी जीपमध्ये बोलली, सुनावणीत का नाही?



मागच्या सुनावणीची गोष्ट बऱ्याच पाड्यांवर पोचली आहे. तरी इथे लिहितो, कारण तिच्यात चूक आमची आहे.

एका म्हातारीचा दावा पुकारला. ती उठली, पदर सारखा केला. समोर टेबल, टेबलामागे खुर्च्या, पंखा त्यांच्याच डोक्यावर. साहेबांनी विचारलं, "पुरावा काय?" म्हातारी गप्प. मग आम्हीच पुढे झालो आणि अर्धा तास बोललो. इंग्रजांचं राज्य, 1927 चा जंगल कायदा, पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय, सगळं काढलं. साहेब मान डोलवत होते. कागदावर लिहिलं काय? "पुरावा नाही."

परत येताना जीपमध्ये म्हातारी बोलायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्याने बांध घातला तो कुठून कुठवर. नाल्याच्या कोणत्या अंगाला पहिली वरई पेरली. गार्डाने नांगर उचलून नेला तेव्हा सोडवायला किती कोंबडे गेले. शेजारचा म्हातारा मागच्या सीटवरून, "हां, मी होतो तिथं," म्हणत होता. तोही सुनावणीला आलेला, तोही तिथे गप्पच! सांगण्यासारखं सगळं त्या दोघांकडे होतं आणि आम्ही त्यावर आमचं भाषण लोटलं.

आदिवासीला चारचौघांत बोलता येत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कचेरीत आहेत, आपल्या पुढाऱ्यांतही आहेत. आमचं सांगणं आहे, हे साफ खोटं आहे. लग्नात धवलेरी रातभर गाते, तिचा शब्द चुकतो का? बाजारात मोहाच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारी बाई कुठे शिकून आली? बोलणं आपल्यात आहेच. पण कचेरीत खुर्ची त्यांची, भाषा त्यांची, वर "लवकर आटपा". तिथे माणूस अडखळला की आपलाच कार्यकर्ता म्हणतो, "तू गप, मी सांगतो." दहादा असं झालं की माणसाला वाटतंच, बोलणं हे आपलं काम नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वनहक्क कायद्याच्या नियम 13 प्रमाणे दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं, हा पुरावा आहे. जमिनीवरचं घर, बांध, सपाट केलेलं शेत हाही पुरावा आहे. म्हणजे मागच्या सीटवरचा म्हातारा हा पुरावा होता. आमचं अर्ध्या तासाचं भाषण कुठल्याच नियमात बसत नाही.

ओडिशात नियमगिरी डोंगर बॉक्साइटसाठी खणायचा होता. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांच्या ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशासमोर झाल्या. डोंगरिया कोंध बाया-माणसं तिथे आपल्या भाषेत बोलली, आणि बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. डोंगर अजून उभा आहे.

काही मित्र म्हणतात, पोरांना शहरात भाषणाच्या शिबिराला पाठवा. पाठवा हवं तर, पण हात कसे हलवायचे ते शिकून नाल्याची हद्द सांगता येत नाही. त्यापेक्षा रात्री पाड्यावर बसा. एकाने साहेब व्हायचं, खुर्चीवर बसायचं, मध्येच तोडायचं, "पुरावा काय?" म्हणून दरडवायचं. पोरं हसतील, हसू द्या. बायांची पाळी आधी, नाहीतर ती येतच नाही. उभं राहून नाव, पाडा, जमीन कुठे, एवढं पहिल्यांदा. मग एक हद्द, एक साल, आणि पाहिलेला एक माणूस. पाठ करू नका. पाठ केलेलं साहेबाने एकदा तोडलं की पुन्हा जुळत नाही, पाहिलेलं मात्र कुठूनही सांगता येतं. पाय कापतात, आमचेही कापतात. काठी धरा, शेजारणीचा हात धरा. मराठी अडली तर आपल्या बोलीत सांगा, मराठी करून सांगायला आपली पोरं आहेत.

पाठ करायचं एकच वाक्य: "साहेब, काय लिहिलं ते वाचून दाखवा." वाचल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही. दावा फेटाळायचा तर कारण लेखी मागा. त्यावर 60 दिवसांत वर दाद मागता येते.

म्हातारीने तशी दाद मागितली आहे. पुढच्या तारखेला ती उभी राहील, तिच्यानंतर शेजारचा म्हातारा. आम्ही मागच्या रांगेत बसू. राहवलं नाही आणि मध्येच उठलो, तर जो जवळ असेल त्याने आमचा सदरा ओढून खाली बसवावं.