आधी तुमचे नाव सांगा!

रात्री साडेअकराला ११२ फिरवून पाहा. मांडवातल्या दणक्याने ओट्यावरचा स्टीलचा पेला सरकत सरकत कडेला आलेला असतो, तान्हे पोर तिसऱ्यांदा दचकून उठलेले असते, आणि पलीकडून विचारणा होते : "आधी तुमचे नाव सांगा. बिल्डिंग कुठली?" नाव दिले की बीट मार्शल येतात, मांडवात चहा घेतात, आवाज अंमळ उतरतो. त्यांची मोटारसायकल वळणाआड गेली रे गेली, की पहिल्यापेक्षा दुप्पट चढतो. आणि सकाळी जिन्यात दोघे उभेच असतात : "काय काका, लागली का झोप?"

तुमचे नाव त्यांना कुणी सांगितले? ठाण्याने! कायद्याच्या रखवालदारानेच तुम्हाला गुंडाच्या दारात नेऊन उभे केले. आदल्या रात्री आवाज वाढला तो गाण्याच्या हौसेने वाढला, असे ज्याला वाटते तो एक तर बहिरा आहे किंवा नगरसेवक आहे. तो तुमच्या नावाने वाढला. हात न लावता माणसाला घरात घुसून झोडपण्याची ही रीत आहे, आणि तिला आपण बिनदिक्कत उत्साह म्हणतो!

वरात असो, मिरवणूक असो, मशिदीवरचा भोंगा असो की गल्लीतल्या पुढाऱ्याचा वाढदिवस. आम्हाला सगळे सारखेच. वरच्या मजल्यावर फरशीवर वूफर ठेवून मध्यरात्री खालच्याचा सूड घेणारा शेजारीही त्याच पंगतीतला. त्याच्याविरुद्ध अर्ज गेला की सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात, "आपसात मिटवा." झोपणारा आणि त्याला मुद्दाम उठवणारा यांच्यात आपसातले काय आहे, सेक्रेटरीसाहेब?

कायदा नाही, असे कुणी म्हणू नये. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाजही हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबलनेच चढू शकतो. डीजेच्या भिंतीसमोर शंभरी सहज ओलांडली जाते. दर दहा डेसिबलला ध्वनीची ताकद दसपट होते. म्हणजे ४५ आणि १०५ यांतले अंतर दहा लाख पटींचे! ठाण्यातले डेसिबल मीटर मात्र नेमके त्या रात्री बिघडलेले असते. त्याची बॅटरी गणपतीत संपते, शिमग्यात संपते, लग्नसराईत तर चार्जच होत नाही.

दिल्लीची तऱ्हा तर याहून न्यारी. आवाजाचे हे नियम ज्या पर्यावरण कायद्याखाली येतात, त्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद १ एप्रिल २०२४ पासून काढून टाकली आणि दंड ठेवला : दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. ठीक. मग वाजवा की ते पंधरा लाख! आमच्या शहरात कुणा मंडळाकडून, कुणा मंगल कार्यालयाकडून ते वसूल झाल्याची एक पावती पोलीस आयुक्तांनी दाखवावी. आम्ही ती पहिल्या पानावर छापू.

राहता राहिले ते नाव. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना स्वच्छ शब्दांत बजावले : तक्रारदार कोण याची चौकशी न करता कारवाई करा, आणि ओळख कळलीच तर ती समोरच्याला कळू देऊ नका. आधी समज, मग दंड, मग भोंगा जप्त. एवढा सोपा क्रम शाळकरी पोराच्याही लक्षात राहील. पण ठाण्यातल्या टेबलावर आजही पहिला प्रश्न तोच. हे अज्ञान म्हणायचे की न्यायालयाचा अवमान? आमच्या मते ही सरळ भागीदारी आहे.

आणि नावावाचून ठाणे हलतच नसेल, तर आज रात्री साडेअकराची नोंद आत्ताच करून ठेवा. तक्रारदाराच्या रकान्यात या पत्राच्या संपादकाचे नाव घाला. पत्ता शेवटच्या पानाच्या तळाशी रोज छापलेला असतो.