गैरहजर का?

मुलांनो, हजेरी घेताना बाईंचा आवाज चढला की समजावं, कुणीतरी पुन्हा दांडी मारलीय! मागच्या पावसाळ्यात माझाही चढला होता. चौथीतली एक मुलगी आठवडाभर आलीच नव्हती. आली त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तिला रागावले. ती मान खाली घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण म्हणाली, "बाई, तिची आई भातलावणीला जाते. घरी लहान भावाला कोण बघणार?"

मला फार वाईट वाटलं. आणि अनुताई वाघ आठवल्या.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहाच महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर काम करायला त्या बोर्डीला गेल्या. तिथल्या बालवाडीत गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी! तुमच्या गावातल्या अंगणवाडीचं नाव तिथून आलंय, बरं का.

पुढे त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. तिथली मुलं गुरं राखायला जायची. मग शाळाही गुरांमागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मुली भावंडं सांभाळायला घरी राहायच्या. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. ताई वर्गात, धाकटा शेजारी पाळण्यात! 'मुलं येत नाहीत' अशी तक्रार करत त्या बसल्या नाहीत. 'का येत नाहीत?' हे त्यांनी आधी पाहिलं. १९९२ साली त्यांचं निधन झालं, तोवर त्यांची ओळख 'कोसबाडच्या अनुताई' अशीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलीची माफी मागितली. रागावले होते सगळ्यांसमोर, मग माफी एकटीत कशी मागायची? म्हटलं, "भावाला घेऊन ये." लावणी संपेपर्यंत तो रोज आला. एकदा खडू खाल्ला, एकदा हजेरीपटावर रेघोट्या मारल्या. पण ताईची हजेरी एकदाही चुकली नाही.

तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर बाईंना नुसतं "आला नाही" असं सांगू नका. संध्याकाळी त्याच्या घरी एक चक्कर मारा. काय कळलं ते मला जरूर लिहा हं!

– तुमच्या बाई