एका ग्राहकाची दोन खाती

अंबरनाथ पूर्वेच्या बाजारपेठेत दिवाळीचे वहीपूजन अजूनही लाल वहीचे होते. वर्षभराचा हिशेब मात्र बहुधा टॅलीत असतो. वहीच्या काळी मुनीमजी नवे खाते उघडण्याआधी खतावणीची अनुक्रमणिका चाळीत. संगणकाने हा विलंब वाचविला. बिल करताना नाव चटकन सापडले नाही, की तिथल्या तिथे दुसरे खाते उघडले जाते. एकाच ग्राहकाचे नाव एकदा ‘श्री’ लावून, एकदा न लावता, एकदा पुढे ‘बदलापूर’ जोडून नोंदले जाते.

समजा, एका ठेकेदाराने आगाऊ दिलेले २०,००० रुपये पहिल्या खात्यात जमा आहेत आणि ४५,००० रुपयांचा माल दुसऱ्या खात्यात नावे पडला आहे. वसुलीला गेलेला मुलगा पूर्ण ४५,००० मागतो. ठेकेदाराला आगाऊ रक्कम आठवली तर वाद होतो. ती आठवली नाही, तर प्रसंग अधिक गंभीर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रियेबरोबर न्यासापहारही सांगितला आहे: ठेव ठेवणारा विसरून कमी मागू लागला आणि ठेव सांभाळणाऱ्याने तेवढीच परत केली, तर तो दोष होय. नकळत राहिलेल्या बाकीला हा दोष लागतो का, याचा निर्णय विद्वानांनी करावा. बाकी दिसल्यानंतर मात्र नकळतपणाची सबब उरत नाही.

म्हणून शोधाचा आरंभ ‘संड्री डेटर्स’मधील जमा बाक्यांपासून करावा. येणेकऱ्याच्या खात्यात जमा दिसते, तिथे जोडखाते असण्याचा संभव मोठा. नावापेक्षा जीएसटी क्रमांक विश्वासार्ह. त्याच्या १५ अक्षरांत पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. दोन नावांचा क्रमांक एकच असेल तर पेढी एकच. नोंदणी नसलेल्यांसाठी मोबाइल क्रमांक उपयोगी पडतो.

बॅकअप घेऊन एक खाते कायम ठरवावे व दुसऱ्याची बाकी जर्नल नोंदीने त्यात वळवावी. विवरणपत्रे भरून झालेल्या महिन्यांची बिले उघडून बदलू नयेत. व्यवहार असलेले खाते टॅली पुसू देत नाही, हे बरेच आहे. रिकाम्या झालेल्या खात्याच्या नावाआधी ‘बंद’ लिहावे आणि जुने नाव कायम खात्याला उर्फ म्हणून द्यावे. पुढचा शोध योग्य जागी पोहोचतो.

देणेकऱ्यांकडेही हीच दृष्टी हवी. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील सूक्ष्म वा लघु कारखान्याचा माल घेतला, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने, मुदत चुकवून दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष देण्याच्या वर्षातच मिळते, असे ठरविले. देणे दोन खात्यांत विखुरले की मुदत उलटलेली दिसतच नाही.

हे काम ३१ मार्चच्या गर्दीत नको; दिवाळीपूर्वीचा पंधरवडा बरा. ग्राहकाची जमा निघाली, तर त्याने विचारण्याची वाट न पाहता खात्याचा उतारा त्याच्याकडे पाठवावा आणि रक्कम परत हवी की पुढील बिलात वळती करायची, हे त्यालाच विचारावे.