घाई आपली, वय मुलाचे

मुंबई–अहमदाबाद महामार्गाला सुरत–बारडोली रस्ता जेथे छेदतो, त्या कडोदऱ्यात कापडाच्या गिरण्यांच्या आधाराने खानदेशातील पुष्कळ कुटुंबे येऊन राहिली. त्या घरांतून जून उजाडला की एक तक्रार हमखास ऐकू येते. गुजरात राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण झाल्याविना पहिलीत प्रवेश मिळत नाही. चार दिवसांनी हुकलेल्या मुलाचे 'वर्ष फुकट गेले' असे आईबापांना वाटते. रात्रपाळी करून संसार ओढणाऱ्या माणसाला एका वर्षाचे मोल किती, हे आम्ही जाणतो. तथापि, ते वर्ष खरोखरच फुकट जाते काय, याचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. पाच वर्षांच्या मुलापुढे आठ-आठ चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्या. दोन्ही सारख्या आहेत, हे तो मान्य करील. मग त्याच्या देखत एका ओळीतील चिंचोके लांब लांब सरकवावे आणि पुन्हा विचारावे. 'लांब ओळीत जास्त' असे उत्तर बहुधा मिळेल. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशाच साध्या प्रयोगांतून दाखविले की, मूल हे लहान आकाराचे प्रौढ माणूस नव्हे; त्याच्या विचाराची रीतच निराळी असते. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज साधारणतः सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते. ती येण्यापूर्वी शंभरापर्यंतची उजळणी तोंडपाठ झाली, तरी तिच्यात गणित थोडे आणि ताल अधिक असतो.

मग नुसते वय होण्याची वाट पाहत बसावे काय? तसेही नाही. रशियाचे लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचे म्हणणे असे की, मूल आज एकट्याने जे करू शकत नाही, पण जाणत्याच्या मदतीने करू शकते, तेथेच शिक्षणाची खरी जागा आहे. पुढे मार्गारेट डोनाल्डसन आदी संशोधकांना आढळले की, प्रश्न मुलाच्या ओळखीच्या प्रसंगात घातला, तर पियाजे यांच्या अपेक्षेहून लहान मुलेही नीट उत्तर देतात. म्हणजे न आलेल्या उत्तराचा दोष पुष्कळदा प्रश्नाकडेही असतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि वर्गात गुजराती, अशा तीन प्रवाहांत हे मूल उभे असते. 'पन्नास' म्हणणाऱ्या मुलास वर्गात 'पचास' ऐकू येते. पाटीवरच्या अक्षरांवरची शिरोरेषा नाहीशी होते. ते क्षणभर थबकले की त्याला 'मंद' ठरविणे हा अन्याय होय. अशा वेळी शिक्षकाने घरच्या बोलीतला एखादा शब्द वर्गात येऊ दिला, तरी मुलाची जीभ मोकळी होते.

या भूमीला ही शिकवण नवी नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक ही मराठी विदुषी तेथे जाऊन त्यांची सहकारी झाली, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी गुजरातच्या सीमेलगत बोर्डी येथे काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरविली. माँटेसरीची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, हे तत्त्व त्यांनी कृतीत उतरविले.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच की, पहिलीपूर्वीचे ते वर्ष बालवाटिकेत वा अंगणवाडीत सत्कारणी लावावे आणि घरीही ते रिते जाऊ देऊ नये. भाकरी थापताना कणकेचे गोळे मोजू द्यावेत, डाळ-तांदूळ निवडताना वेगळे करू द्यावेत, आजीच्या गोष्टी आजीच्याच बोलीत ऐकू द्याव्यात. पेन्सिल धरण्याआधी बोटांना मातीची आणि मण्यांची सवय व्हावी. शिक्षकबंधूंनीही पाठांतर ऐकण्यापूर्वी चिंचोके पुढे ठेवावेत.

पेरणी वेळेआधी केली म्हणून पीक आधी हाती येत नाही, हे खानदेशच्या शेतकऱ्याच्या लेकरांना आम्ही निराळे काय सांगावे?